आत्याच्या घराचा जीवनभार

घराचा लोड काढायला मला आत्याने शिकवलं. तेव्हा मी पाचवीत होते. आई-बाबा गेल्यावर मी वरोऱ्याला तिच्याकडेच वाढले. त्या वर्षी घरी नवं मीटर येणार होतं आणि अर्जावर ‘जोडलेला भार’ अशी एक रिकामी चौकट होती. वायरमन म्हणाला, “टाकून द्या ना बाई काहीतरी, दोन-तीन किलोवॅट.”

आत्या शाळेत गणित शिकवायची. ‘टाकून द्या’ तिला चालत नसे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. “जा, प्रत्येक खोलीत जाऊन काय काय आहे ते लिहून आण.”

पाच ट्यूबलाइट, प्रत्येकी चाळीस वॅट. चार पंखे, पंच्याहत्तरचे. फ्रिज दीडशे, कूलर दोनशे वीस, मिक्सर पाचशे, इस्त्री हजार, गिझर दोन हजार, पाण्याची मोटर साडेसातशे. बेरीज पाच हजार एकशे वीस वॅट. मी धावत येऊन आकडा सांगितला.

“बरोबर,” आत्या म्हणाली. “आता सांग, तू आंघोळीला बसली असताना मी इस्त्री करत, मिक्सर फिरवत, मोटर लावून, भर उन्हाळ्यात गिझर पेटवून बसते का?”

“नाही.”

“मग पाच कशाला मागायचे? साधारण चाळीस टक्के धर. दोन किलोवॅट लिही.” मग पेन्सिल माझ्या हातातून घेत ती म्हणाली, “घराचा लोड म्हणजे घरात काय वस्तू आहेत ते नाही, ऋजू. घरातली माणसं काय करतात ते.”

पुढे मी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, नागपूरच्या भार निर्धारण केंद्रात नोकरीला लागले, आणि माझ्या पहिल्या मोठ्या कामाचा पाया हेच वाक्य होतं.

काम असं होतं. उन्हाळे वाढत चालले होते. सलग तीन-चार दिवस पारा सत्तेचाळीसच्या वर राहिला की विजेची मागणी पुरवठ्याच्या पलीकडे जायची, आणि अख्ख्या वस्त्या तासन्‌तास बंद ठेवाव्या लागायच्या. बंद वस्तीत ज्याला एसी हवा होता तोही अंधारात आणि ज्याला फक्त पंखा हवा होता तोही. छपरांवरच्या सौर पॅनेलची वीजसुद्धा अशा वेळी आधी सामाईक जाळ्यात जायची. त्यावर उपाय निघाला तो नव्या मीटरमुळे.

हे मीटर सेकंदाला काही हजार वेळा प्रवाह मोजतं. प्रत्येक यंत्राची वीज ओढण्याची तऱ्हा वेगळी असते. फ्रिज ठरावीक वेळाने जागा होतो आणि झोपतो. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट प्रवाह घेते, मग स्थिरावते, आणि पंपाचा खटका दाबला की त्यावर चाळीस वॅटची एक छोटी पायरी चढते. माणूस चालीवरून ओळखू यावा तशी ही यंत्रं आलेखावरून ओळखता येतात. त्यामुळे घरात न शिरता कळतं, की कुठली वस्तू केव्हा आणि किती वेळ चालली.

मग हिशेब सोपा होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाच आठवडे प्रत्येक घर बघायचं. त्यातल्या तापलेल्या दिवसांपैकी निदान निम्म्या दिवशी जी वस्तू दुपारी चालली ती त्या घराला आवश्यक, बाकीच्या प्रासंगिक. आवश्यक वस्तूंची बेरीज म्हणजे घराचा जीवनभार. संकटाच्या तासांना आम्ही लाल तास म्हणायचो. लाल तासांत कोणाचीच वीज पूर्ण जाणार नव्हती. प्रत्येक घराला त्याच्या जीवनभाराएवढी बारीक धार मिळत राहणार होती. त्यापेक्षा जास्त ओढलं की मीटर दहा मिनिटं बंद.

‘निदान निम्म्या दिवशी’ ही अट मी सुचवली होती. पाहुण्यांच्या खोलीतले कूलर, हौसेचे एसी त्यातून आपोआप गळत होते. आमच्या विभागाचे प्रमुख नागदिवे सर यांनी एकच भर घातली, की एका घरात पासष्टच्या वरच्या तीन किंवा जास्त व्यक्ती असतील तर तिथला कूलर आवश्यकच धरायचा, आलेख काहीही म्हणो. मला ती भर थोडी ढोबळ वाटली होती. वय कशाला बघायचं? वापर बघा, तो खोटं बोलत नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी घरी गेले. स्नेहनगर ले-आउटमध्ये सगळी बैठी घरं, प्रत्येकात एक माणूस उरलेलं. मुलं पुण्याला, हैदराबादला, कॅनडाला. आत्याने दार उघडलं तेव्हा आत कूलर घरघरत होता आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येत होता.

“मस्त गार ठेवलंय गं,” मी म्हटलं.

“तू येऊन राहिली म्हटलं, मग नाही लावणार का?”

हे वाक्य मी ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

आम्ही जेवायला बसणार तोच दारात इंदूकाकू उभ्या. शेजारच्या बावीस नंबरच्या बोबडेकाकू, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या, तोंड मात्र शाबूत. हातात पाण्याने भरलेली बादली.

“अगंबाई, इंजिनीअरीन आली का! उज्ज्वला, सांगायचं नाही का व? मी आपली कूलर ऐकून बादली घेऊन आली.”

“काकू, बादली कशाला?” मी विचारलं.

काकूंनी आत्याकडे पाहिलं. आत्याने डाळीचं पातेलं उचललं. “त्यांच्याकडे आज नळ आला होता, देऊन राहिल्या. तू लिंबू पिळ.”

नळ तीन दिवसांआड यायचा, तेव्हा पाण्याची देवाणघेवाण मला नवी नव्हती. काकू बसल्या. माझ्या नोकरीबद्दल विचारू लागल्या आणि मीही फुशारकीने सांगत गेले.

“काकू, तुम्ही अंगणातला दिवा संध्याकाळी किती वाजता लावता ते मीटर नोंदवून ठेवतं.”

“त्यात काय मोठं? साताचा ठोका. त्या दिव्यावर हे अख्खं ले-आउट घड्याळ लावते. विचार तुझ्या आत्याले.” मग जरा थांबून म्हणाल्या, “ती नोंद माझ्या पोराले धाडता येते का? फोन तर करत नाही मेला. निदान म्हातारीनं दिवा लावला, एवढं तरी पाहील.”

आम्ही तिघी हसलो. जाताना काकूंनी बादली आत्याच्या कूलरमध्ये रिकामी केली. तेही मी पाहिलं.

मेच्या पाच तारखेला जिल्ह्याची यादी लागली. मी आधी आमचं घर शोधलं. दोन दिवे वीस वॅट, दोन पंखे सत्तर, फ्रिज सरासरी साठ, फोन आणि वायफाय पंधरा. जीवनभार एकशे पासष्ट वॅट. कूलर : प्रासंगिक. पस्तीस तापलेल्या दिवसांपैकी नऊ दिवस चालला.

कूलरला दोनशे वीस लागतात. एकशे पासष्टमध्ये घरातलं सगळं बंद केलं तरी तो चालणार नव्हता.

मी फोन लावला. “आत्या, तू कूलर लावत नाहीस?”

“लावते ना. लागते तेव्हा लावते.”

“पस्तीस दिवसांत नऊ दिवस! बेचाळीसच्या उन्हात तू पंख्याखाली बसतेस? तब्येतीचा काही विचार? पाणी नाही म्हणून का? का एकटीसाठी कशाला, म्हणून?”

मग तिचा वर्गातला आवाज आला. “हे तुला कोणी सांगितलं?”

“मीटरने.”

“अच्छा. म्हणजे मी कशी राहते, ते तू मीटरला विचारून राहिली. मला नाही.”

“तुलाच तर विचारतेय आता!”

“आता तू विचारत नाहीयेस, ऋजू. तू उत्तर घेऊन आलीस आणि माझी वही तपासून राहिली.”

मी चिडले. म्हटलं, अजून दहा दिवस हरकती घेता येतात. अधिकाऱ्याला घरातला खरा वापर दाखवावा लागेल, तेव्हा उद्यापासून रोज दुपारी कूलर लाव, घरात असलीस-नसलीस तरी लाव, मीटरला दिसू दे.

“रिकाम्या खोलीला वारा घालू? पाणी कुठून आणू त्याला?”

“मग नागपूरला ये माझ्याकडे. एकटीला जमत नाहीये तर—”

“हेच,” ती म्हणाली. “हेच पाहिजे होतं तुला.” आणि फोन ठेवला.

हरकतींचे दहा दिवस गेले. मी स्वतः तिच्या नावाने अर्ज करू शकले असते. पण मी यादी बनवणाऱ्यांपैकी होते. आपल्याच घरासाठी नियम वाकवायचा, हे मनाला पटलं नाही. शिवाय मला राग आला होता. हट्टीपणाने उन्हात बसणाऱ्या बाईचं काय करायचं? नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला सांगितलं आणि तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही.

एकोणीस मेला लाल तास सुरू झाले. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ. सकाळी दहा ते रात्री दहा. केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर नकाशा हिरवा होता. लाखो घरं आपापल्या जीवनभारावर चालत होती, एकही वस्ती अंधारात नव्हती. नागदिवे सरांनी सगळ्यांना ताक पाजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पारा अठ्ठेचाळीसकडे निघालेला असताना, मी आत्याच्या घराचा आलेख उघडला. पंखा, फ्रिज, पंखा. सपाट रेषा. वाटलं, ती खरंच अशी राहत असेल तर एप्रिलमध्ये नऊ दिवस तरी कूलर का लावला? मी ते नऊ दिवस काढून कागदावर लिहिले. त्यातले दोन रविवार होते, मी घरी गेलेले. ते खोडले. उरले सात. तापलेले दिवस ओळीने मांडले, तर दर पाचव्या दिवशी एक. चुकूनही चौथा नाही, सहावा नाही.

तब्येत बिघडली म्हणून कोणी दर पाचव्या दिवशी कूलर लावत नाही. पाहुणेही असे येत नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे बादली आली.

दुसऱ्याच्या घराचा आलेख उघडायला लेखी परवानगी लागते. मी उघडला. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस. आत्याच्या ओळीतली पाच घरं. प्रत्येकात कूलर दर पाचव्या दिवशी, आणि प्रत्येकीचा दिवस वेगळा. पाचही आलेखांची बेरीज केली आणि पडद्यावर एक सलग रेषा उभी राहिली. पस्तीस दिवस, रोज दुपारी अकरा ते पाच, बरोबर एक कूलर. फक्त माझ्या दोन रविवारी, दोन.

पाच जणी रोज दुपारी एका घरात बसत होत्या. पाळीपाळीने. प्रत्येकीची एक बादली पाणी, मिळून एक कूलर. आणि माझ्या नियमाने पाचही घरं वेगवेगळी मोजली होती. पाचही ठिकाणी एक पंचमांश, पाचही ठिकाणी प्रासंगिक. संपूर्ण ओळीत कूलर चालवण्याएवढी वीज एकाही घराला उरली नव्हती.

मी फोनकडे हात नेला आणि तेवढ्यात बावीस नंबरच्या रेषेवर नजर थांबली. कालची संध्याकाळ. सात वाजता अंगणातल्या दिव्याची पायरी असायला हवी होती. ती नव्हती. त्या पस्तीस दिवसांत ती एकदाही चुकली नव्हती. काल दुपारपासून बावीस नंबरमध्ये एक पंखा चालू होता. संध्याकाळी, रात्री, सकाळी, आत्ता. दुसरा कुठलाही खटका दाबला गेला नव्हता. भार मर्यादेत होता, म्हणून नकाशावर घर हिरवं होतं.

अकरा चाळीस. आत्याने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

“ऋजू?”

“आत्या, इंदूकाकूंना शेवटचं कधी पाहिलंस?”

“परवा. काहून?”

“काल नाही?”

“परवापासून कोणीच कोणाकडे नाही गेलं.” तिचा आवाज कोरडा, दमलेला होता. “काल माझी पाळी होती. पण कूलर चालतच नाही, तर एका खोलीत पाच जणींनी बसून गरमी कशाला वाढवायची? म्हटलं, आपापल्या घरी पडून राहा. तुला आता सांगायला हरकत नाही, आम्ही दुपारी—”

“मला कळलं. आत्ता. आत्या, तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असती? चल नागपूरला.”

मी हेच म्हणाले असते.

“तू आत्ताच्या आत्ता इंदूकाकूंकडे जा. डोक्यावर ओलं फडकं घे. फोन चालू ठेव. दार लावलेलं असेल तर—”

“मागच्या दाराची किल्ली आहे माझ्याकडे. पाचही घरांच्या किल्ल्या पाचही जणींकडे आहेत.” चपलांचा आवाज आला. “झालं काय?”

“काल त्यांनी दिवा लावला नाही.”

तिचा श्वास ऐकू येत होता, मग फाटकाची कडी.

मी दुसऱ्या पडद्यावर तातडीच्या दुरुस्तीचा अर्ज उघडला. जीवनभार बदलायचा अधिकार मला नव्हता, पण घरातल्या व्यक्तींची नोंद दुरुस्त करायचा होता. तीन किंवा जास्त, पासष्टच्या वर. नागदिवे सरांची ती ढोबळ भर. घर क्रमांक एकवीस, आत्याचं. व्यक्तींची संख्या : मी पाच लिहिलं. खाली पाच ओळी उघडल्या. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. नात्यांच्या यादीत आई होती, सासू होती, नणंद होती, शेजारीण नव्हती. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ यासमोर माझी सही. पहिल्या ओळीत आत्याचं नाव घातलं. दुसरीत इंदू बोबडे, चौऱ्याहत्तर, बहीण.

“ऐकते आहेस का?” मी फोनवर म्हटलं. “मी तुम्हा सगळ्यांना एकाच घरात दाखवतेय. तीन जणी असल्या की कूलर मिळतो. अर्ध्या तासात सुरू होईल. काकूंना हळूच तुझ्याकडे आण, बाकीच्यांनाही बोलव. बाकीच्या तिघींची नावं सांग मला.”

कुलूप उघडल्याचा आवाज. मग पंख्याची खडखड. आलेखावर मी जी रेषा बघत होते तिचा आवाज.

“इंदू,” आत्या म्हणाली. “ए इंदू.”

मग बराच वेळ फक्त पंखा.

“आत्या, मी रुग्णवाहिकेला फोन लावते.”

“लाव. लावावा तर लागेलच.” ती कुठेतरी टेकली असावी; खुर्ची सरकली. “पण आता घाई नाही, बाळा.”

माझ्या मागे कोणीतरी हसत होतं, आजच्या ताकाचे पेले गोळा करत होतं. पडद्यावर पाच ओळी उघड्या होत्या आणि दुसऱ्या ओळीतलं नाव तसंच होतं.

“तो तुझा फॉर्म,” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता अगदी सरळ होता, फळ्याकडे तोंड करून बोलताना असायचा तसा. “किती लिहिले?”

“पाच.”

“तीन लागतात ना?”

“हो.”

“मग चार लिही. कुमुद झाडे, सदुसष्ट. शैला ठेंगणे, एकाहत्तर. नलू पिंपळशेंडे, अडुसष्ट. आणि मी. चार पुरतात.”

मी पाचाचा आकडा खोडला. दुसरी ओळ पुसली. तिघींच्या नात्यापुढे बहीण लिहिलं आणि सही केली.

बारा वाजून बावीस मिनिटांनी एकवीस नंबरच्या रेषेने उसळी घेतली. मोटर, आणि थोड्या वेळाने पंपाची छोटी पायरी. बारा एकावन्नला बावीस नंबरमधला पंखा कोणीतरी बंद केला. नकाशावर ते घर हिरवंच राहिलं.